रेडिओथेरपीच्या रुग्णाला तंत्रज्ञाने आधार द्यायचा, म्हणजे नेमके काय करायचे?

बारावी विज्ञान झालेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीच्या पदवीला तिला प्रवेश मिळतो आहे, पण घरच्यांच्या मते हे नुसते बटण दाबण्याचे काम आहे आणि वर किरणांचा धोका. तिची स्वतःची अडचण निराळी आहे. माहितीपत्रकात ‘उपचाराच्या काळात कर्करुग्णाला आधार देणे’ हेही तंत्रज्ञाचे काम म्हणून दिले आहे. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेवा विभाग अशी सगळी मंडळी असताना यंत्र चालवणाऱ्याने आणखी कसला आधार द्यायचा, असे तिला वाटते. या विभागात अनेक वर्षे काम केल्यानंतर मला हा शेवटचा प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तराची सुरुवात तिथून करते.

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचा पूर्ण उपचार साधारण ६६ ते ७० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेचा असतो आणि तो ३३ ते ३५ भागांत, आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे साडेसहा ते सात आठवडे चालतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून साधारण २५ वेळा किरण देऊन नंतर ब्रॅकिथेरपी, म्हणजे किरणांचा स्रोत शरीराच्या आत नेऊन उपचार, करतात. स्तनाच्या कर्करोगात आता बहुतेक ठिकाणी १५ दिवसांत काम होते आणि काही निवडक रुग्णांत पाचच दिवसांत. या सगळ्या काळात डॉक्टर रुग्णाला आठवड्यातून एकदा रिव्ह्यूला पाहतात. आपण तंत्रज्ञ त्याला रोज पाहतो, रोज टेबलावर झोपवतो, रोज उठवतो. काल चालत आलेला माणूस आज भिंतीला धरून आला, हे सगळ्यांत आधी आपल्या नजरेस पडते. ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण आपल्या वाट्याचा आधार तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट अधिक तांत्रिक आहे आणि ती नीट समजून घ्यावी. आजच्या आयएमआरटीसारख्या, म्हणजे किरणांची तीव्रता गाठीच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त करणाऱ्या, पद्धतीत गाठीभोवती सोडलेली जागा काही मिलिमीटरचीच असते. पलीकडे मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळ्याची नस असते. किरण कुठून आणि किती द्यायचे याचा प्लॅन कितीही सुबक केलेला असला, तरी रुग्ण पहिल्या दिवशी जसा झोपला होता तसाच तिसाव्या दिवशी झोपला, तरच तो प्लॅन खरा ठरतो. घाबरलेला माणूस खांदे वर ओढून घेतो, हनुवटी आत घेतो, दर दोन सेकंदांनी गिळतो. त्याची भीती कमी करणे ही आपली मेहेरबानी नसून ती सेटअपचाच, म्हणजे रुग्णाला ठरल्या स्थितीत झोपवण्याचाच, भाग आहे. शिवाय मध्येच दिवस चुकवणे महागात पडते, कारण उपचार थांबला की उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. डोके-मान आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत उपचार लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते, असे मानले जाते; गर्भाशयमुखाचा सगळा उपचार, ब्रॅकिथेरपी धरून, आठ आठवड्यांत संपवण्याचा आग्रह त्यासाठीच असतो. कंटाळून, रागावून किंवा पैसे संपले म्हणून घरी निघालेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी टेबलापर्यंत आणणे, हे मात्रा बरोबर देण्याइतकेच आपले काम आहे.

आता प्रत्यक्षात काय करायचे ते सांगते. सुरुवात मोल्ड रूममध्ये, म्हणजे रुग्णाला स्थिर ठेवणारा मास्क बनवण्याच्या खोलीत, होते. डोके-मानेच्या रुग्णासाठी थर्मोप्लास्टिकची जाळीदार शीट साधारण ७० अंशांच्या गरम पाण्यात मऊ करून, पाणी टिपून, चेहऱ्यावर ओढून टेबलाला अडकवतात. काही मिनिटांत ती नाकाच्या दांड्यावर, हनुवटीखाली, कपाळावर घट्ट बसून कडक होते. आपल्याला ही रोजची बाब असते, पण ज्याच्या तोंडावर गरम, ओली जाळी येते त्याला क्षणभर गुदमरल्यासारखे वाटते. म्हणून शीट पाण्यात टाकण्यापूर्वीच रुग्णाला एक जुना, कडक झालेला मास्क हातात द्यावा, भोकांतून बोट घालून पाहू द्यावे आणि क्रम सांगावा: आधी गरम लागेल, मग ओलसर वाटेल, मग घट्ट होईल; श्वास नाकाने चालू राहील, डोळे मिटून घ्या, बोलता येणार नाही पण हात हलवता येईल. घट्ट होणार हे आधी सांगितलेले असले की ते घट्ट होणे भयानक वाटत नाही. ‘काही होत नाही, घाबरू नका’ हे वाक्य मात्र मी नव्या मुलांना वापरूच देत नाही, कारण रुग्णाला काहीतरी होतच असते आणि आपण ते नाकारले की पुढच्या सगळ्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

पहिल्या लाईटच्या दिवशी (आमच्याकडे रुग्ण किरणांच्या उपचाराला लाईट म्हणतात) आणखी एक गोष्ट मी न चुकता करते. मास्क लावून झाल्यावर मी बाहेर जाते, कॅमेऱ्यात बघते आणि इंटरकॉमवर सांगते, “काका, उजवा हात वर करा.” त्यांनी हात वर केला की लगेच आत जाऊन मास्क सोडते. किरण अजून सुरूच केलेले नसतात. यात तीनेक मिनिटे जातात आणि बाहेर रांगेत चुळबुळ होते, पण हात वर केला की माणूस खरोखर आत येतो, हे एकदा पटले की बरेच रुग्ण पुढच्या सात आठवड्यांत हात वर करतच नाहीत. घशाला श्वासासाठी छिद्र पाडलेल्या, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीच्या रुग्णाबाबत तर ही खूण सक्तीची समजावी, कारण त्याला हाक मारता येत नाही. अशा रुग्णाची धातूची नळी उपचारापुरती प्लॅस्टिकची करून घेतलेली आहे का, हे पाहावे, झोपवण्यापूर्वी सक्शन करून, म्हणजे नळीतला कफ ओढून काढून, घ्यावे, आणि तो खोकू लागला की सेटअप अर्धवट सोडून त्याला बसवावे. मास्क पुन्हा लावता येतो.

अंगावरच्या वस्तूंचा प्रश्न पुस्तकात एका ओळीत संपतो: धातू काढून ठेवा. आपल्याकडे मात्र मानेच्या किंवा छातीच्या उपचारासाठी मंगळसूत्र काढा म्हटले की अनेक बायका गप्प होतात, आणि नवरा बाहेर बसलेला असेल तर अधिकच. हुकूम सोडून किंवा वाद घालून हे साधत नाही. कारण सांगावे आणि मंगळसूत्र त्यांच्याच माणसाच्या हातात, त्यांच्यासमोर द्यावे. एका मावशींनी दुसऱ्या दिवशी मनगटाला हळकुंडाचा पिवळा दोरा बांधून आणला आणि त्यानंतर उपचार संपेपर्यंत मंगळसूत्र घरच्या डब्यात ठेवले. दोरा किरणांच्या वाटेत येत नव्हता, त्यामुळे आम्हाला काहीच अडचण नव्हती. साडी बदलून गाऊन घालताना पडदा ओढलेला असणे, स्तनाच्या किंवा ओटीपोटाच्या उपचारात बाई तंत्रज्ञ हजर असणे, आणि लागतो तेवढाच भाग उघडा ठेवणे, याला सोय म्हणू नये. तो किमान शिष्टाचार आहे.

अंगावर काढलेल्या खुणांचेही असेच. लेझर ज्या रेषांवर जुळवायचे त्या मार्करच्या रेषा पुसू नका, साबण लावू नका, तेल चोळू नका, असे आपण सांगतो. पण मे महिन्यात विदर्भातल्या एका खोलीत सहा माणसांबरोबर राहणाऱ्याला घाम येणारच आणि त्या रेषा फिकट होणारच. भीतीपोटी काही रुग्ण आठवडाभर अंघोळच करत नाहीत. काही जण घरीच पेनाने रेष पुन्हा ओढून येतात, आणि ती एक सेंटिमीटर सरकलेली असते. म्हणून पाणी कसे घ्यायचे, कुठे घ्यायचे नाही, कसे टिपायचे हे हाताने दाखवावे आणि ठणकावून सांगावे की रेष पुसली तर पुसू द्या, ओढायची आम्हीच.

ओटीपोटाच्या उपचारात लघवी करून येऊन मग ठरावीक पाणी, बहुधा अर्धा लिटर, पिऊन अर्धा-पाऊण तास थांबायला सांगतात, म्हणजे भरलेली लघवीची पिशवी आतड्याला वर ढकलते आणि आतडे किरणांपासून वाचते. तत्त्व सोपे आहे. प्रत्यक्षात मशीन चाळीस मिनिटे मागे पडलेले असते, आजींना वेळ झाली म्हणून पाणी प्यायला लावलेले असते, आणि त्या पाय घट्ट जुळवून बाकावर बसलेल्या असतात. लाजेने त्या कोणाला सांगत नाहीत, गुपचूप जाऊन येतात, आणि टेबलावरच उपचारापूर्वी काढलेल्या कोन-बीम सीटी प्रतिमेत पिशवी रिकामी दिसते. यावर रागावणाऱ्या तंत्रज्ञाला पुढच्या वेळी खरी माहिती मिळत नाही, एवढेच होते. मशीनला उशीर होणार असेल तर पाणी पिण्याआधी जाऊन सांगणे, हा माझ्या मते या विभागातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागते. पहिले दहा-बारा दिवस रुग्णाला वाटते की एवढेच असेल तर निभावेल. मग तोंड येते, लाळ घट्ट होऊन तारा सुटू लागतात, चव जाते, मानेची कातडी काळवंडून सोलते. सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध चालू असेल तर मळमळ वेगळीच. जेवण सुटते, वजन उतरते, आणि एके दिवशी मास्क लावताना गालापाशी बोट आत जाते. मास्क सैल होणे ही आपल्या क्षेत्रातली बातमी आहे. ती त्याच दिवशी फिजिसिस्टला (किरणांच्या मात्रेचे गणित पाहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला) आणि डॉक्टरांना कळली पाहिजे, कारण शरीराचा आकार बदलला की मात्रेची वाटणी बदलते आणि कधी कधी पुन्हा सीटी, नवा मास्क, नवा प्लॅन करावा लागतो. त्या बोटभर जागेचा दुसरा अर्थ असा की हा माणूस घरी काहीच खात नाही आणि कोणाला सांगतही नाही.

याच आठवड्यात तो म्हणतो, “बास झालं मॅडम, राहिलेले लाईट नकोत.” इथे उपदेश करून उपयोग नसतो. मी आधी विचारते की आज सकाळपासून तोंडात काय गेले. बहुतेक वेळा उत्तर ‘चहा’ असते, तोही अर्धा. मग त्याच दिवशी, रिव्ह्यूच्या दिवसाची वाट न पाहता, डॉक्टरांकडे पाठवायचे. वेदनेचे औषध, तोंडाचे औषध, गरज पडल्यास नाकातून नळी. औषध सुचवणे आपले काम नाही आणि चुकूनही सुचवू नये, पण आजच दाखवा असा हट्ट धरणे आपलेच आहे. घरी तिखट भाकरी-ठेचा चालू असेल तर ते थांबवून ज्वारीची पेज, मऊ खिचडी, दूध, अंडे असे काय चालेल ते आहारतज्ज्ञ सांगतील. ते खरोखर केले गेले का, हे मात्र दुसऱ्या दिवशी आपणच विचारू शकतो. नाकातल्या नळीला लोक फार घाबरतात, त्यांना ती शेवटाची खूण वाटते. तेव्हा नळी लावलेल्या आणि तरतरीत झालेल्या दुसऱ्या रुग्णाची, त्याची परवानगी घेऊन, बाकावर गाठ घालून द्यावी. दहा मिनिटांत जे काम होते ते आपल्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने होत नाही. तंबाखू-गुटख्याने आधीच जबडा आखडलेल्यांना तोंड उघडण्याचे व्यायाम दिलेले असतात, तेही दुखते म्हणून सोडून दिले जातात; मास्क लावण्यापूर्वी एकदा “आ करा” म्हटले की लगेच समजते.

काय बोलू नये हेही शिकावे लागते. “मी बरा होईन ना?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारला जात नाही, तो आपल्याला विचारला जातो, आणि तोही टेबलावर झोपल्यावर, वर बघत. हो म्हणण्याचा मोह होतो. अहवाल आपल्याला माहीत असला तरी रोगाच्या भवितव्याबद्दल बोलण्याचा अधिकार आपला नाही. मी एवढेच म्हणते की आजचा उपचार ठरल्याप्रमाणे नीट होतो आहे, आणि हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा, हवे तर मी आधी त्यांच्या कानावर घालते. आपल्या घरांतून तर रुग्णाला कर्करोग आहे हेच सांगितलेले नसते. मुलगा दारातच हात जोडून म्हणतो, बाबांना फक्त गाठ आहे एवढेच सांगितले आहे. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत कर्करोग विभाग लिहिलेले असते, आणि बाबांना वाचता येते! अशा वेळी आपण होऊन उघड करू नये, पण रुग्णाने थेट विचारले तर खोटेही बोलू नये. ही गोष्ट डॉक्टरांना सांगून कुटुंबाशी त्यांचे बोलणे घडवून आणावे.

एक गैरसमज मात्र आपण तिथल्या तिथे ठामपणे खोडून काढावा. बाहेरून दिलेल्या किरणांनी रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग राहत नाही. नातवाला जवळ घेणे बंद केलेल्या, ताट-वाटी वेगळी केलेल्या आजी दर महिन्याला भेटतात. हे सांगताना घरच्यांना आत बोलावून, त्यांच्यासमोर सांगावे, कारण ताट वेगळे करण्याचा निर्णय बहुधा आजींचा नसतो. एचडीआर, म्हणजे जास्त तीव्रतेच्या, ब्रॅकिथेरपीतही उपचार संपला की इरिडियमचा किरणोत्सर्गी स्रोत यंत्रात परत जातो आणि रुग्ण निर्धोक घरी जाऊ शकतो.

पैसे, राहणे आणि प्रवास यांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, रेल्वेत कर्करुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत आहे, मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणे आहेत. याची कागदपत्रे समाजसेवा विभाग करतो. आपण करायचे ते इतकेच की रुग्णाच्या एसटीची किंवा लोकलची वेळ विचारून त्याला सोयीची वेळ द्यायची, आणि मशीन बंद पडले तर तो घरातून निघण्यापूर्वी फोन करायचा.

आता घरच्यांच्या दोन शंका. बटण दाबतोच, पण त्याआधी ओळख दोन प्रकारे पटवणे, आजचा प्लॅन मंजूर आहे का हे पाहणे, प्रतिमा जुळवणे, टेबल किती सरकवायचे ते ठरवणे आणि दुसऱ्या तंत्रज्ञाकडून तपासून घेणे हे सगळे असते. शंका आली तर किरण सुरू न करण्याचा अधिकार तंत्रज्ञाला आहे, वरिष्ठ कितीही घाई करोत. धोक्याबद्दल सांगायचे तर, १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावर पडणाऱ्या किरणांचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. छातीवरच्या टीएलडी बॅजची, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते नोंदवणाऱ्या बिल्ल्याची, तपासणी दर तीन महिन्यांनी होते आणि जाड काँक्रीटच्या भिंतींमागे, शिस्तीने काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा आकडा या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. लिनियर ॲक्सिलरेटर हे विजेवर किरण तयार करणारे यंत्र बंद केले की किरण नसतात. भाभाट्रॉनसारख्या कोबाल्ट यंत्रात किरणोत्सर्गी स्रोत कायम आत असतो, म्हणून तो अडकला तर काय करायचे याचा सराव तोंडपाठ असावा लागतो. गर्भवती तंत्रज्ञाने लवकर कळवायचे असते. त्यानुसार कामाची जागा बदलून देतात.

मनावर येणारा ताण मात्र बॅजवर दिसत नाही. हाडातल्या वेदनेसाठी एकच ८ ग्रेचा उपचार घेऊन गेलेली माणसे पुन्हा दिसत नाहीत, आणि भूल देऊन टेबलावर ठेवलेली लहान मुले घरी गेल्यावरही डोळ्यांसमोर येतात. सहकाऱ्यांशी त्याबद्दल बोलायची सवय असलेला विभाग निवडावा. सगळे गप्प असतील तिथे नवी मुले दोन-तीन वर्षांत कंटाळून निघून जातात.

त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: ही पदवी अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या पात्रतेत बसते का, महाविद्यालयाच्या स्वतःच्या रुग्णालयात ॲक्सिलरेटर आणि ब्रॅकिथेरपी दोन्ही चालू आहेत का, आणि इंटर्नशिपमध्ये विद्यार्थ्यांना रुग्ण झोपवायला देतात, की कन्सोलमागे उभे करून ठेवतात. जमल्यास विभागप्रमुखांची परवानगी काढून एक सकाळ प्रतीक्षालयात बसा. मशीन तुम्हाला नंतर चार वर्षे पाहायचेच आहे. तंत्रज्ञ बाहेर येऊन रुग्णाला नावाने हाक मारतो की नंबराने, आणि उशीर झाला तर काय सांगतो, ते त्या सकाळी पाहून घ्या.